फडातले पाहुणे : वन्यप्राणी, सरकार आणि आपण सभासद

— ऊस विकास अधिकारी



दरवर्षी १ ते ७ ऑक्टोबर हा आठवडा देशभर वन्यजीव सप्ताह म्हणून पाळला जातो. शाळेतली मुले वाघाची, मोराची चित्रे काढतात, वनखात्याची प्रभातफेरी निघते आणि सप्ताह संपतो. आपल्याकडे हेच दिवस मोठ्या गडबडीचे असतात. सोयाबीनची रास करायची असते, रब्बीची पेरणी तोंडावर असते, कारखान्यात बॉयलर अग्निप्रदीपनाची तयारी आणि तोडणी-वाहतुकीचे करार चाललेले असतात. त्यामुळे वाघ-बिबट्या हा विषय मेळघाट-ताडोबाकडचा, आपला त्याच्याशी काय संबंध, असे पुष्कळांना वाटते.

पण संबंध आहे. गट कार्यालयात पूर्वी पाण्याची पाळी, बेणे, खत आणि तोडणीचा क्रम एवढ्याच तक्रारी येत. आता त्यांच्या जोडीला आणखी एक तक्रार कायमची येऊन बसली आहे : "साहेब, डुकरांनी ऊस आडवा केला." मांजरा काठ असो, मन्याडचे खोरे असो, नाहीतर गोदावरीचा काठ असो, तक्रार तीच. एका बैठकीत एका वयोवृद्ध सभासदांनी सगळ्यांसमोर विचारले, "डुकराला सरकारचं संरक्षण, हरणाला सरकारचं संरक्षण. मग आमच्या उसाला कुणाचं संरक्षण हाय, ते तेवढं सांगा."

प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर "कायदा आहे, पाळा" एवढ्यावर भागत नाही. कायदा काय म्हणतो, सरकार काय देते, आणि सरकारच्या हाती नसलेले असे आपल्या हाती काय आहे, या तीन गोष्टी नीट समजून घ्याव्यात म्हणून हा लेख लिहिला आहे.

प्राणी आपल्या रानात का आले?

लातूर जिल्ह्यात जंगल नावालाच आहे; जिल्ह्याच्या क्षेत्रफळात ते शंभरात एक भागही भरत नाही. नांदेड जिल्ह्यात किनवट-माहूरकडे सागाचे चांगले जंगल आहे आणि यवतमाळच्या हद्दीवर पैनगंगा अभयारण्य आहे. पण जिल्ह्याचा दक्षिणेकडचा भाग, म्हणजे मुखेड, देगलूर, कंधार, लोहा, हा माळरानाचाच. आपल्याकडचे हरीण, काळवीट, लांडगा, कोल्हा, ससा, मोर हे घनदाट जंगलातले प्राणी नव्हेत. ते गायरानावर, माळावर, ओढ्याच्या काठच्या बाभुळबनात राहणारे. गायराने आक्रसली, माळ नांगराखाली आले, ओढ्याकाठची झाडे सरपणाला गेली. प्राण्यांनी जायचे कुठे?

तेव्हाच आपण ऊस वाढवला. प्राण्याच्या नजरेने उसाचा फड पाहा. सुरूचा ऊस बारा महिने उभा, आडसाली सोळा ते अठरा महिने. आत गारवा, सरीला पाणी, खायला गोड कांडी आणि दिवसभर माणसाचा पाय पडत नाही. रानडुकराला यापेक्षा चांगले जंगल कुठे मिळणार? डुकरीण एका वेळी चार ते सहा पिले देते. पिले उचलणारे लांडगे, कोल्हे कमी झाले. मग कळप वाढला तर नवल नाही.

डुक्कर जेवढे खाते त्याच्या कितीतरी पट नासधूस करते, हे आपण पाहतोच. लागणीत बेणे उकरते, मोठ्या उसात कांड्या फोडून चघळते, ऊस लोळवते. फोडलेल्या कांडीत रोग शिरतो, साखरेचे विघटन होते आणि उतारा पडतो. म्हणजे नुकसान एका सभासदाचे राहत नाही, ते गव्हाणीपर्यंत येते. म्हणून कारखान्याच्या मुखपत्रात हा विषय आला आहे.

१९७२ सालचा कायदा

१९७२ म्हटले की मराठवाड्यातल्या माणसाला दुष्काळ आठवतो, खडी फोडण्याची कामे आणि सुकडी आठवते. त्याच वर्षी, ९ सप्टेंबर १९७२ रोजी, वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाला राष्ट्रपतींची संमती मिळाली. त्याआधी शिकार हा हौसेचा खेळ होता. निजामाच्या राजवटीतही शिकारीला मोठा मान होता. नव्या कायद्याने ही रीत मोडली. २०२२ साली या कायद्यात मोठी दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली.

सभासदांनी यातल्या तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

पहिली. शिकार म्हणजे केवळ बंदूक झाडणे नव्हे. फासे लावणे, विष घालणे, सापळ्यात धरणे, आणि तसा प्रयत्न करणे, हे सर्व कायद्याने शिकारच आहे. अंडी किंवा घरटे मोडणे यालाही कायद्यात तोच अर्थ आहे.

दुसरी. वाघ, बिबट्या, लांडगा, काळवीट, चिंकारा, मोर हे पहिल्या अनुसूचीत आहेत. यांच्या शिकारीला कमीत कमी तीन वर्षे आणि जास्तीत जास्त सात वर्षे कैद, शिवाय किमान पंचवीस हजार रुपये दंड आहे. "पिकात आलं म्हणून मारलं" असे म्हटल्याने सुटका होत नाही.

तिसरी. हा कायदा अभयारण्याच्या हद्दीवर संपत नाही. तो तुमच्या गट नंबरातल्या बांधावरही तितकाच लागू आहे. आणि बांधावर वनरक्षक उभा नसतो. एका वनरक्षकाकडे कितीतरी गावे असतात. राज्य वन्यजीव मंडळाचे अध्यक्ष स्वतः मुख्यमंत्री असतात, पण उसाच्या सरीत काय घडते ते मुंबईहून दिसत नाही. तिथे कायदा पाळला जाणार की मोडला जाणार, हे शेवटी सभासदच ठरवतो.

सरकार काय देते?

आता त्या वयोवृद्ध सभासदांच्या प्रश्नाकडे येऊ. उसालाही संरक्षण आहे, पण ते मागावे लागते.

रानडुक्कर, हरीण, रोही, माकड इत्यादींनी पिकाचे नुकसान केल्यास वनखात्याकडून भरपाई मिळते आणि त्यात उसाचा स्वतंत्र दर आहे. हा दर शासन निर्णयाने ठरतो आणि वेळोवेळी बदलतो. नुकसान झाल्यापासून तीन दिवसांच्या आत जवळच्या वन अधिकाऱ्याकडे अर्ज द्यावा. सोबत सातबारा, आधार, बँक पासबुकाची प्रत आणि नुकसानीचे फोटो जोडावेत. पंचनामा होईपर्यंत मोडलेला ऊस हलवू नये. अर्जाची पोच घ्यावी. पोच नसलेला अर्ज म्हणजे वाऱ्यावर सोडलेली पावती. वनजमिनीवर अतिक्रमण करून घेतलेल्या पिकाला ही भरपाई मिळत नाही.

गाय, बैल, शेळी वन्यप्राण्याने मारल्यास अठ्ठेचाळीस तासांत कळवावे आणि जनावराचे प्रेत जागेवरून हलवू नये. प्रेत हलवले की कोणत्या प्राण्याने मारले हे सांगणे अवघड होते आणि प्रकरण अडते. माणूस जखमी झाला तर उपचाराचा खर्च मिळतो. माणूस दगावला तर वारसांना २०२३ पासून पंचवीस लाख रुपयांची तरतूद आहे. यात वाघ-बिबट्याबरोबर रानडुक्कर, लांडगा, तरस हेही येतात. सर्पदंश मात्र यात येत नाही. सर्पदंशाने शेतकरी दगावल्यास गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून दोन लाख रुपये मिळतात, त्यासाठी कृषी कार्यालयाकडे जावे.

पंचनाम्याला कोणी येईपर्यंत पंधरा दिवस गेले, अर्जाचे पुढे काय झाले ते कळले नाही, असे काही सभासद सांगतात. त्यांचा राग समजण्यासारखा आहे. पण अर्जच न करणे हा त्यावर उपाय नाही. जिथून दहा अर्ज एकदम जातात तिथे अधिकाऱ्याला यावे लागते. जिथून एकही जात नाही, ते गाव सरकारच्या कागदावर सुखी गाव असते.

एवढे करूनही उपद्रव थांबत नसेल तर कायद्यात आणखी एक दार आहे. रानडुक्कर आणि रोही यांच्याकडून पिकाचे नुकसान होत असल्यास वनक्षेत्रपालाकडे रीतसर अर्ज करता येतो. त्यांच्या लेखी परवानगीने, परवानाधारक बंदुकीनेच, त्या प्राण्याचा बंदोबस्त करता येतो. परवानगीत विष, फासे आणि विजेची तार येत नाही. हरीण, काळवीट, मोर हेही त्यात येत नाहीत.

तारेतला प्रवाह

आता सर्वात काळजीच्या गोष्टीविषयी लिहितो. डुकराच्या भीतीने काही ठिकाणी रात्री फडाभोवती उघडी तार ओढून तिच्यात खांबावरचा किंवा मोटारीच्या पेटीतला प्रवाह सोडतात. "सकाळी काढून घेतो की," असे सहज सांगतात.

ती तार डुक्कर आणि माणूस ओळखत नाही. रात्रपाळीची वीज आली म्हणून शेजारचा सभासद पाणी धरायला निघतो, त्याचा पाय त्या तारेवर पडतो. सुटलेला बैल जातो. पहाटे परसाकडे गेलेली बाई जाते. ज्याने तार लावली तोच अंधारात विसरून गेला, अशाही बातम्या राज्यात दरवर्षी वाचायला मिळतात. माणूस गेला तर तार लावणाऱ्यावर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा दाखल होऊ शकतो. वीजचोरीचा गुन्हा वेगळा. बिबट्या किंवा काळवीट मेला तर वन्यजीव कायदा वेगळा. दोन टन ऊस वाचवायला गेलेला माणूस एका रात्रीत दोन घरे बसवतो, मेलेल्याचे आणि स्वतःचे.

कणकेत घातलेला गावठी बॉम्ब आणि विष यांचीही हीच गत. बॉम्ब डुकरासाठी ठेवतात आणि जबडा गायीचा फुटतो. थिमेट म्हणून ओळखले जाणारे फोरेट ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंद आहे. कुणाच्या कोठ्यात जुना डबा पडलेला असेल तर तो बियाण्यात, कणकेत किंवा मटणात मिसळून रानात टाकू नये. विष खाल्लेला उंदीर घुबड खाते, विष खाल्लेले कुत्रे लांडगा खातो, तेच विष पावसाच्या पाण्याने विहिरीत उतरते.

गिधाडांचे उदाहरण यासाठी लक्षात ठेवावे. पूर्वी मेलेल्या जनावरावर गिधाडांची पंगत बसे. ती १९९० नंतर पाहता पाहता दिसेनाशी झाली. कुणी शिकार केली नव्हती. जनावरांच्या दुखण्यावर दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे औषध मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडाच्या पोटात जाई आणि त्याचे मूत्रपिंड निकामी होई. जनावरांसाठी हे औषध २००६ साली बंद केले. ॲसिक्लोफेनॅक व किटोप्रोफेन २०२३ साली बंद झाली. आज पशुवैद्यकाकडे मेलॉक्सिकॅम हे गिधाडांना सुरक्षित औषध मिळते, तेच मागावे. एखादा प्राणी नाहीसा व्हायला बंदूकच लागते असे नाही.

मग ऊस राखायचा कसा?

सौरकुंपण आणि प्रवाह सोडलेली तार यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. सौरकुंपणाच्या यंत्रातून साधारण सेकंदाला एक असा अत्यंत क्षणिक झटका येतो. प्राणी दचकून मागे सरतो, मरत नाही. घरगुती वा मोटारीच्या लाइनीचा प्रवाह मात्र अखंड असतो, तो स्नायू आखडून धरतो आणि सोडत नाही. सौरकुंपणाला निवडक गावांत डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून अनुदान मिळते. आपले गाव यादीत आहे का, याची चौकशी वनक्षेत्रपाल कार्यालयात करावी. लगतच्या आठ-दहा सभासदांनी मिळून एकच कुंपण केले तर माणशी खर्च बराच कमी येतो. सहकाराचे तत्त्व इथेही लागू पडते.

कुंपणाखेरीज मशागतीचे काही उपाय आहेत :

लागण चार ते पाच फुटी पट्ट्याने करावी. हवा खेळते, आतले दिसते आणि डुकराला आडोसा कमी मिळतो.

ऊस पाच-सहा महिन्यांचा झाल्यावर खालचे वाळलेले पाचट काढून सरीत टाकावे. मोठी बांधणी वेळेवर करावी. डुक्कर लोळलेल्या उसाकडे आधी वळते.

रब्बीत फडाच्या कडेने करडईच्या तीन-चार ओळी घ्याव्यात. काटेरी करडईतून डुक्कर शिरायला नाखूष असते. आपल्या वाडवडिलांना हे माहीत होते. नव्या काळात शास्त्रज्ञांनी भुईमुगाभोवती हाच उपाय शिफारस केला आहे.

बांधावरची झुडपे सरसकट जाळू नयेत. तिथे घुबड, मुंगूस आणि धामण राहतात. उसातल्या उंदरा-घुशीवर यांच्याइतके स्वस्त औषध नाही.

किनवटच्या वाटेने गेलेला वाघ

आतापर्यंत डुकराविषयी बोललो. पण फडातला पाहुणा कधी कधी मोठाही असतो.

महाराष्ट्रात सहा व्याघ्र प्रकल्प आहेत : मेळघाट, ताडोबा-अंधारी, पेंच, सह्याद्री, नवेगाव-नागझिरा आणि बोर. मराठवाड्यात एकही नाही. राज्यात २००६ च्या गणनेत १०३ वाघ होते. २०२२ च्या गणनेत ते ४४४ झाले. वाघ वाढले की तरुण नराला घरची जागा पुरत नाही. तो नवे रान शोधायला निघतो.

यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातला असाच एक तरुण वाघ जून २०१९ मध्ये निघाला. भारतीय वन्यजीव संस्थेने त्याच्या गळ्यात रेडिओ पट्टा बांधलेला होता, म्हणून त्याची वाट कळली. तेलंगणातला आदिलाबाद, आपला नांदेड जिल्हा, हिंगोली, वाशीम, अकोला असे करत तो डिसेंबर २०१९ मध्ये बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. तोपर्यंत त्याची चाल तेराशे किलोमीटर झाली होती. वाटेत तो दिवसा झुडपात पडून राही आणि रात्री चाले. त्याच्या खाण्यात रानडुकरेही होती आणि गुरेही. या सगळ्या वाटचालीत एकच माणूस जखमी झाला, तोही वाघ ज्या झुडपात विसावला होता तिथे लोकांचा घोळका शिरला म्हणून. त्या वाटेवरच्या असंख्य शेतकऱ्यांना आपल्या बांधावरून वाघ गेला हे कळलेसुद्धा नाही.

डिसेंबर २०२४ मध्ये लातूरकरांच्या अगदी शेजारी, मुरूडच्या पुढे, धाराशिव जिल्ह्यातल्या येडशी रामलिंग घाट अभयारण्यात वाघाचे छायाचित्र कॅमेऱ्यात मिळाले. तोही टिपेश्वरकडूनच आलेला. म्हणजे आपली रानशिवारे ही आता वाघाची वाट आहे. ही वाट पुढेही चालू राहील. अशा वाटेवर एक जिवंत तार पुरेशी आहे.

जुन्नरचा धडा

बिबट्या आणि ऊस यांचा अनुभव पुणे आणि अहिल्यानगर जिल्ह्यांना आपल्यापेक्षा मोठा आहे. त्यांचे चुकले कुठे आणि सावरले कसे, ते आपण आधीच शिकून घेतलेले बरे.

जुन्नर भागात २००१ च्या सुमारास पिंजरे लावून बिबटे धरायचे आणि लांबच्या जंगलात नेऊन सोडायचे, असा मोठा कार्यक्रम झाला. लोकांचा आग्रहच तसा होता. पुढे डॉ. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आकडे तपासले. आधी त्या भागात माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी चार होते, ते पुढच्या काळात सतरांवर गेले. धरलेला बिबट्या बिथरतो, परक्या रानात भटकतो, आणि रिकाम्या झालेल्या जागी दुसरा येतो. धरून नेले की प्रश्न सुटला, हा समज खोटा ठरला.

याच अभ्यासकांनी अकोले तालुक्याच्या ऊसपट्ट्यात कॅमेरे लावले. शंभर चौरस किलोमीटरमध्ये साधारण पाच मोठे बिबटे निघाले, तेही जंगल नसलेल्या, माणसांनी गजबजलेल्या भागात. त्यांच्या विष्ठेतून कळले की त्यांचे मुख्य भक्ष्य गावातली कुत्री होते. गावात उकिरडा, उकिरड्यावर कुत्री, कुत्र्यांमागे बिबट्या. म्हणून गोठा बंदिस्त ठेवणे, मेलेल्या कोंबड्या व जनावरे उघड्यावर न टाकणे, आणि रात्री बाहेर जाताना बॅटरी व सोबत घेणे, याचा उपयोग पिंजऱ्यापेक्षा जास्त होतो.

तोडणीच्या हंगामात घ्यावयाची काळजी

फड तुटत आला की आत लपलेले प्राणी शेवटच्या तुकड्यात गोळा होतात. म्हणून सभासद, मुकादम, चिटबॉय आणि ट्रॅक्टरचालक यांनी पुढील सूचना पाळाव्यात.

१. तोडणी सुरू करण्यापूर्वी फडाच्या एका बाजूने डबे वाजवून आवाज करावा. तोडणी एकाच बाजूने पुढे न्यावी, प्राण्याला निघून जायला दुसरी बाजू मोकळी ठेवावी. चारी बाजूंनी घेरू नये.

२. तोडणी मजुरांची लहान मुले फडाच्या कडेला एकटी बसवू नयेत. एका मोठ्या माणसाने त्यांच्याजवळ थांबावे. कोप्या फडापासून अंतर सोडून, उजेड राहील अशा घालाव्यात. ही व्यवस्था ज्याचा फड आहे त्या सभासदाने पाहावी. तो मजूर आपल्या भरवशावर गाव सोडून आलेला असतो.

३. पिले दिसली तर त्या ठिकाणची तोड थांबवावी. पिलांना हात लावू नये, मांडीवर घेऊन फोटो काढू नयेत, घरी नेऊ नयेत. वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करावा. जुन्नरजवळच्या माणिकडोह बिबट निवारा केंद्राची मंडळी आणि वनखाते मिळून अशी पिले सापडल्या जागीच संध्याकाळी खोक्यात ठेवतात आणि रात्री आई येऊन त्यांना घेऊन जाते. पिले गायब झाली तर आई चवताळते, आणि दुसऱ्या दिवशी त्याच फडात आपले मजूर असतात.

४. फडात सापडलेले प्रत्येक ठिपक्यांचे पिलू बिबट्याचे नसते. रानमांजर आणि वाघाटी यांची पिलेही उसात असतात. वाघाटी ही जगातल्या सर्वात लहान मांजरांपैकी एक. ओळख पटवणे वनखात्याचे काम आहे, आपण गावभर हाकाटी करू नये.

५. मोबाइलवर आलेले बिबट्याचे चित्र कुठले आणि कधीचे हे कळल्याशिवाय पुढे पाठवू नये. अफवेने मजूर फड सोडून जातात आणि तोडणी कार्यक्रम कोलमडतो.

६. साप दिसला तर सरकू द्यावा. नाग, मण्यार, घोणस, फुरसे हे आपल्याकडचे चार मुख्य विषारी साप. दंश झाल्यास आवळून दोरी बांधू नये, मांत्रिकाकडे वेळ घालवू नये. १०८ ला फोन करून थेट सरकारी रुग्णालय गाठावे. त्यावर इलाज सर्पविषप्रतिबंधक लशीचाच.

७. उसाला काडी लावून तोडणी करू नये. जळीत उसाचे वजन घटते, उतारा घटतो, दरात कपात होते, आणि आतले ससे, पिले, पक्ष्यांची घरटी जळून जातात.

८. तोडणीनंतर पाचट पेटवू नये. एका हेक्टरात आठ ते दहा टन पाचट निघते. ते सरीत कुजवले तर खोडव्याला नत्र, स्फुरद, पालाश मिळते आणि पाण्याची एखादी पाळी वाचते. ज्या लातूरने २०१६ साली मिरजेहून रेल्वेने आलेले पाणी प्यायले, त्या लातूरच्या शेतकऱ्याला पाण्याच्या पाळीची किंमत सांगायला नको.

९. बिनकठड्याच्या विहिरीला कठडा बांधावा. बिबट्या, लांडगा, हरीण विहिरीत पडतात तशी माणसेही पडतात.

लोकांचा सहभाग म्हणजे काय?

सरकारी कागदावर लोकसहभागाची सोय पुष्कळ आहे. जिल्ह्याला मानद वन्यजीव रक्षक असतो, तो सरकारी नोकर नसतो. जैवविविधता कायदा २००२ प्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते. तिने गावातल्या झाडा-प्राण्यांची लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची असते. आपल्या गावच्या समितीचे सदस्य कोण, हे किती सभासदांना ठाऊक आहे? ग्रामसभेत एकदा विचारून पाहा. वही कपाटात असेल तर बाहेर काढायला लावा. गावाचा ओढा, बाभुळबन, गायरान त्या वहीत लिहिलेले असेल तर उद्या त्यावर कुणी हात टाकायला आला तेव्हा दाखवायला कागद असतो.

राज्यात लोकांनी स्वतः राखलेली उदाहरणे आहेत. शिरूर तालुक्यातल्या मोराची चिंचोलीचे मोर तिथल्या शेतकऱ्यांनी राखले, आज ते पाहायला लांबून लोक येतात. आपल्याकडे चाकूर तालुक्यातले वडवळ नागनाथचे बेट वनौषधींसाठी प्रसिद्ध आहे. अशी जागा गावाने आपली मानली तरच टिकते.

कारखान्याच्या पातळीवर एक साधी सूचना करावीशी वाटते. प्रत्येक गट कार्यालयात ऊस नोंदीच्या रजिस्टराशेजारी एक वही असावी. कोणत्या गटात, कोणत्या तारखेला, कोणत्या प्राण्याने किती नुकसान केले, पिले कुठे दिसली, उघडी तार कुठे आढळली, हे तीत लिहावे. महिन्याच्या शेवटी त्याची प्रत वनक्षेत्रपालांकडे पोच घेऊन द्यावी. एकट्या सभासदाचा अर्ज दबून राहू शकतो, पण शे-दीडशे सभासदांची तारीखवार नोंद बाजूला सारता येत नाही. भरपाई मागायची, दिवसाची वीज मागायची, सौरकुंपणाच्या यादीत गाव घालायला सांगायचे, तर हातात असा आधार हवा.

त्या वयोवृद्ध सभासदांना म्हणूनच असे सांगावेसे वाटते. काका, डुकराला कायद्याचे संरक्षण आहे, आणि तुमच्या उसालाही आहे. दोन्ही संरक्षणे कागदावरून रानात आणायला माणूस लागतो. वनखात्याचा माणूस रात्री दोन वाजता तुमच्या बांधावर नसतो, तुम्ही असता. तिथे तुम्ही तार ओढलीत तर कायदा संपला. अर्ज केलात, शेजाऱ्याला बरोबर घेऊन कुंपण केलेत, तर तुमचा ऊसही राहील आणि रात्री पाणी धरायला जाणारा शेजारीही सकाळी घरी येईल.

येत्या गळीत हंगामापूर्वी ज्यांच्या फडाभोवती उघडी तार आहे त्यांनी ती आजच काढून टाकावी, आणि ज्यांना शेजारी अशी तार दिसेल त्यांनी भीड न ठेवता त्याला सांगावे, अशी सर्व सभासद बंधू-भगिनींना नम्र विनंती आहे.